दोन कोरे ठसे

"हिच्यावर फुंकर मारू नका हं," डॉ. तस्नीम बागवान म्हणाल्या. "मागच्या वेळी आमच्या शिपायानं मारली. मग संध्याकाळपर्यंत अख्ख्या रसायनशास्त्र विभागाचे ठसे दिसत होते, दाराच्या कडीपासून प्राचार्यांच्या कपापर्यंत."

त्यांनी पर्समधून बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. बाटली बडीशेपेची होती, वरचं लेबल काढायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. आत दोन चमचे पांढरी पावडर होती. आमचे खर्डेकर साहेब खुर्ची पुढे ओढून बाटलीकडे बघत बसले.

"आमचीही पावडरच असते की," साहेब म्हणाले. "हिच्यात काय सोनं लागलंय?"

"तुमच्या पावडरीचा कण मोठा असतो, साहेब. बोटाच्या रेघांवर खडी टाकायची आणि नक्षी शोधायची, असं तुमचं चाललेलं असतं. हे झिंक ऑक्साइडचे नॅनोकण. एका केसाच्या जाडीत ओळीनं हजारभर मावतील. ठसा जुना झाला की त्यातलं पाणी उडून जातं, तेलकट अंश तेवढा राहतो. हे कण त्याला धरतात. वरून जांभळा दिवा धरला की चमकतात."

"मग आता काय पाहिजे तुम्हाला?"

"एखादी जुनी वस्तू द्या. जिच्यावर तुम्हाला धड काही मिळालं नाही अशी."

"अशा वस्तूंनी कपाट भरलंय," साहेब म्हणाले. "काही न मिळण्यात आमचा हातखंडा आहे." मग माझ्याकडे वळून, "देशमाने, तो गाजुल डॉक्टरांचा डबा आहे ना? पुढच्या गुरुवारी तुमची साक्ष आहे त्यात. घ्या तो."

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी जिल्ह्याच्या ठसे तपासणी कार्यालयात होते आणि सहायक तज्ज्ञ ही पाटी माझ्या टेबलावर होती. साहेबांनी सरकारी वकिलांमार्फत कोर्टाची रीतसर परवानगी काढली, कारण हा प्रयोग सगळ्यांच्या आधी आपल्याकडे व्हावा आणि पेपरात यावा अशी त्यांची फार इच्छा होती. परवानगी शुक्रवारी आली.

आता त्या डब्याबद्दल. डॉ. श्रीहरी गाजुल हे आमच्या शहरातले छातीच्या विकारांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या घरातल्या कपाटातून सोन्याच्या पाटल्यांची एक जोडी गेली. कपाट फोडलेलं नव्हतं. पाटल्या ज्या स्टीलच्या डब्यात होत्या तो डबा जागेवर होता, झाकण नीट लावलेलं. मी गेले, झाकणावर आणि कडांवर पावडर मारली. डॉक्टरांच्या बायकोचे ठसे निघाले, ते निघणारच. त्याशिवाय बोटांच्या आकाराचे चार डाग निघाले, पण आत एकही रेघ नाही. कोरे. असं दिसलं की आमच्याकडे पहिला विचार येतो तो हातमोज्यांचा. मी अहवालात एक ओळ लिहिली: हातमोजे वापरले असण्याची शक्यता.

पोलिसांना शक्यता वगैरे कळत नाही. त्यांना हातमोजे कळतात. डॉक्टरच्या घरात हातमोजे कुणापाशी असणार? कंपाउंडरपाशी. रेवणसिद्ध बिराजदार, वय चौतीस, नोकरीला अकरा वर्षं. चोरीच्या दिवशी भर दुपारी, डॉक्टर झोपलेले असताना, तो कापडी पिशवी घेऊन मागच्या जिन्यानं वर जाताना शेजारणीनं पाहिला होता. पिशवी घेऊनच खाली आला. वर त्याचं काही काम नव्हतं. पिशवीत काय होतं विचारलं तर म्हणाला, "सांगता येणार न्हाई." दहा वेळा विचारलं, वेगवेगळ्या पद्धतीनं विचारलं. दहाही वेळा हेच उत्तर. मग त्याला आत टाकला. जामीन मंजूर झाला, पण जामीन राहायला माणूस मिळाला नाही. गावाकडे एक म्हातारी आई होती, तिच्या नावावर तिच्या चपलाही नसतील. आठ महिने तो तुरुंगात होता. गुरुवारी मी कोर्टात उभी राहून माझी ओळ वाचून दाखवायची आणि मग तो सुटणार की शिक्षा होणार ते ठरायचं.

आणखी एक सांगायला हवं. ज्या दिवशी डबा तपासला त्याच दिवशी घरातल्या माणसांचेही ठसे घेतले होते. घरच्यांचे ठसे वेगळे काढले की उरतो तो परका, अशी आमची रीत. डॉक्टर, त्यांची बायको, दोन मुलं यांचे झाले. शेवटी डॉक्टरांची आई आली, नरसम्मा. पंचाहत्तरीची असेल. तिची दहाही बोटं मी शाई लावून कागदावर फिरवली आणि कागदावर दहा काळे ठिपके उमटले. रेघ एकाही ठिपक्यात नाही.

"वय झालं अम्माचं," डॉक्टर माझ्या खांद्यामागून म्हणाले.

"होतं असं," मी म्हटलं. मी तो कागद फाडून माझ्या पिशवीत टाकला आणि फायलीत लिहिलं: वृद्धापकाळामुळे ठसे घेण्यायोग्य नाहीत. तीही एकच ओळ. म्हातारी तोवर माझ्याकडे बघत उभी होती. मी तिला हात पुसायला चिंधी दिली आणि निघाले. मला घाई होती म्हणा.

तर शुक्रवारी दुपारी आम्ही खिडक्या बंद करून डबा उपडा घातला. झाकण आणि कडा मी मागेच पावडरीनं बरबटून ठेवल्या होत्या, बूड मात्र कोरं राहिलं होतं. बागवान मॅडमनी मऊ ब्रशनं पावडर फिरवली, जास्तीची झटकली आणि दिवा धरला. बुडाला एक अंगठा आणि तीन बोटं चमकत होती. डबा एका हातानं खालून धरला की जशी पडतात तशी.

"रेघा नाहीत," साहेब निराश होऊन म्हणाले. "म्हणजे इथंही हातमोजेच."

"भिंग घ्या," बागवान मॅडम मला म्हणाल्या.

मी भिंग घेतलं. रेघा नव्हत्याच, पण ठिपके होते. बारीक, तिळाहून कितीतरी बारीक, ओळीत मांडलेले. मध्येच ओळ तुटायची, पुन्हा सुरू व्हायची. तर्जनीच्या कडेला मात्र एक आडवी खाच होती, तिथं ओळ सपशेल कापली गेली होती.

"घामाची छिद्रं," मी म्हटलं.

"हातमोज्यांना घाम येतो का हो?" बागवान मॅडमनी विचारलं. अगदी साध्या आवाजात, परीक्षेत तोंडी विचारतात तसं.

"नाही."

साहेबांना पाच-सहा सेकंद लागले. आधी त्यांचा चेहरा खुलला, मग पडला. "म्हणजे हातमोजे नव्हतेच," ते म्हणाले. "देशमाने, तुम्ही लिहिलंय होते म्हणून."

"शक्यता लिहिली होती."

"शक्यता कोर्टात कुणाला दिसते? तो माणूस आठ महिने आत बसलाय तुमच्या शक्यतेवर."

माझ्याकडे बोलण्यासारखं होतं, पण तिथं बोलण्यासारखं नव्हतं.

"रेघा झिजल्यात, छिद्रं राहिलीत," बागवान मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "कुणाच्या झिजतात अशा? विटा वाहणाऱ्यांच्या, चुन्यात काम करणाऱ्यांच्या..."

"विड्या वळणाऱ्या बायकांच्या," मी म्हटलं. "ती खाच कात्रीची आहे. दिवसाला हजार पानं कापली की तर्जनीला ती पडते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, टोक दाबून मोडायचं. सगळं बोटांच्या टोकांनी. रेघा राहतील कशाला?"

"तुम्हाला बरंच माहिती आहे."

"याच शहरात राहते मी."

"विड्या वळणाऱ्या हजारोंनी असतील इथं," साहेब म्हणाले. "त्या डॉक्टरच्या घरात कोण असणार?"

मी फाइल उघडली. तिसऱ्या पानावर माझ्या अक्षरात डब्यावरचे कोरे ठसे, पाचव्या पानावर माझ्याच अक्षरात म्हातारीचे कोरे ठसे. तारीख एक, सही एक. मधे फक्त एक पान. मी ते पान बोटानं बाजूला केलं आणि फाइल साहेबांपुढे सरकवली. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे तुम्हाला तेव्हा दिसलं नाही?"

"म्हातारीचे ठसे परत घ्यावे लागतील," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी मी आणि बागवान मॅडम गाजुल डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्याच्या भिंतीवर विडी-सिगारेटवर फुली मारलेलं भलंमोठं चित्र होतं आणि त्याखाली दोन पेशंट खोकत बसले होते. डॉक्टर आम्हाला घेऊन स्वतः वर आले.

"मागच्या वेळी आले नाहीत ना ठसे? आता काय वय कमी झालंय का तिचं?" ते वैतागून म्हणाले. "आणि हे पाहा, अम्माला त्या प्रकरणातलं काही बोलू नका. बीपीचा त्रास आहे तिला. आम्ही तिला काही सांगितलेलं नाही."

"कशातलं काही सांगितलेलं नाही?" बागवान मॅडमनी विचारलं. पण तेवढ्यात खालून कुणीतरी जोरात खोकलं आणि नर्सनं हाक मारली. डॉक्टर "आलोच" म्हणून खाली गेले.

नरसम्मा मागच्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. खोली स्वच्छ, टीव्ही चालू, आवाज बंद. तिच्या मांडीवर सूप होतं आणि सुपात काहीच नव्हतं. मी बसले, शाई काढली, तिचा उजवा अंगठा धरला आणि कागदावर फिरवला.

रेघा आल्या. तुटक होत्या, फिकट होत्या, पण होत्या. मी तर्जनी फिरवली, तीही आली. चक्र ओळखू येत होतं. सतरा वर्षांच्या नोकरीत, गेलेल्या रेघा परत आल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते.

"ते काय गं?" म्हातारीनं वाकून विचारलं.

"रेघा."

"माझ्या?"

"तुमच्याच."

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "काम न्हाई ना," ती म्हणाली. "उगवल्या मग."

"कधीपासून काम नाही, अम्मा?" बागवान मॅडमनी विचारलं.

म्हातारीनं दाराकडे पाहिलं. मग मांडीवरचं सूप बाजूला सरकवलं आणि तोंड मिटून घेतलं. बागवान मॅडमनी आणखी दोनदा विचारलं, गोड आवाजात विचारलं. पण नाहीच. ती गप्प, टीव्हीतली माणसं गप्प.

मग मी तिच्या घरच्या भाषेत, तेलुगूत बोलायला लागले. बागवान मॅडमनी झटकन माझ्याकडे मान वळवली. ऑफिसात मला सगळे देशमाने म्हणून ओळखत होते. नवरा बार्शीचा, माझं मराठी शाळेचं, त्यामुळे पुढचं कुणी विचारलं नाही. विचारलंच कुणी, आई काय करायची, तर मी सांगायची, घरीच असायची. ते खोटं नव्हतं. विड्या घरीच वळतात.

मी म्हातारीला सांगितलं की मी यादम्मा कोंडाची मुलगी. मारुतीच्या देवळामागच्या चाळीतली. आई चाळीस वर्षं विड्या वळत होती, आणि दहावी होईपर्यंत रोज शाळेतून आल्यावर पानं मी कापत होते. माझ्याही अंगठ्याला रेघा नव्हत्या. कॉलेजला गेल्यावर आल्या.

म्हातारीनं माझा हात ओढून घेतला, उलटा केला, बोटं चाचपली. "हाय," ती म्हणाली. तर्जनीच्या कडेची ती खाच अजूनही बोट फिरवलं तर लागते.

त्यानंतर ती थांबली नाही. पोरगा डॉक्टर झाला तो विड्यांवर. पण छातीचा डॉक्टर आणि त्याची आई विड्या वळते, लोक हसतील, असं म्हणून त्यानं वीस वर्षांपूर्वी विड्या वळायचं सूप फेकून दिलं. "हात बसत न्हाई गं. रिकामं बसलं की मेल्यावानी होतं." विडी कारखान्यात तिचं कामगाराचं कार्ड होतं, ते तिनं मोडलं नव्हतं. रेवण तिच्या कार्डावर पानं आणि तंबाखू आणून द्यायचा, दुपारी डॉक्टर झोपला की मागच्या जिन्यानं. वळलेल्या विड्या त्याच पिशवीतून न्यायचा. अकरा वर्षं.

"त्यानं कुणाला सांगितलं नाही?"

"शपथ घातली होती मी. माझं मेलेलं तोंड बघशील म्हणाले." मग ती रागानं म्हणाली, "आणि बघ, न सांगता गावी निघून गेला. आठ महिने झाले. एवढं केलं त्याचं, आजारी होता तेव्हा भाकरी दिली. जातो म्हणून तरी सांगायचं."

मी बागवान मॅडमकडे पाहिलं. त्यांना तेलुगू कळत नव्हतं, पण त्या ब्रश पुसायचं सोडून बसल्या होत्या.

"अम्मा, रेवण गावी गेला नाही," मी म्हटलं. "तो तुरुंगात आहे."

"कशाला?"

"पाटल्यांपायी. पिशवीत काय होतं ते सांगितलं नाही म्हणून."

तिला ते कळायला वेळ लागला. मी परत सांगितलं. ती भिंतीला धरून उठली, कोपऱ्यातल्या तंबाखूच्या जुन्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेली पाटल्यांची जोडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"माझ्याच हायत," ती आता मराठीत म्हणाली, बागवान मॅडमनाही कळावं म्हणून. "माझ्या विड्यांच्या. सून मोडून नव्या डिझाइनच्या करणार होती. मी काढून ठेवल्या. आपली वस्तू आपण घेतली की चोरी हुती व्हय?"

"पोलीस आले तेव्हा का नाही बोललात?"

"सुनेचं तोंड लई वाईट. म्हणलं, चोरीच झाली न्हाई तर चोर कुठनं घावतोय? चार दिवस शोधतील, गप बसतील." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "मी अडाणी. मला कळलं न्हाई. तू तर माझी धाही बोटं हातात धरून बसली होतीस. तुला कळलं न्हाई?"

"कळलं होतं."

"मग?"

खरं कारण होतं, पण ते तोंडातून काढायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या दिवशी तिची बोटं हातात घेतल्या घेतल्या मला कळलं होतं. डॉक्टर वय झालं म्हणाले ते खोटं आहे हेही कळलं होतं. पण बाई विड्या वळते असं मी म्हटलं असतं, तर तुम्हाला कसं कळलं, हा प्रश्न आला असता. पंच उभे होते, फौजदार उभा होता. डॉक्टर झाकत होते तेच मीही झाकत होते. म्हणून मी कागद फाडला. कागद फाडला नसता तर संध्याकाळी टेबलावर दोन कोरे ठसे शेजारी शेजारी आले असते, आणि मूर्खालाही कळलं असतं.

बागवान मॅडमनी सामान भरलं. जिन्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "फौजदारांना फोन करा, पाटल्या रीतसर जप्त करू देत."

पाटल्या पोलिसांनी पंचनामा करून नेल्या. छिद्रांची जुळणी मी दोन दिवस बसून केली. नव्यानं उगवलेल्या रेघांवर छिद्रं अगदी जुन्या जागी होती. तर्जनीवरची तेवीसच्या तेवीस जुळली. साहेब खूश झाले.

"गुरुवारी काय सांगायचं ते ऐका," ते म्हणाले. "त्या वेळी उपलब्ध असलेल्या तंत्राला मर्यादा होत्या. नव्या तंत्रानं सत्य समोर आलं. बस. आरोपी सुटतो, आपलं नाव होतं, बागवान मॅडमचा प्रबंध छापून येतो. कुणाच्याच अंगाला काही लागत नाही."

"आणि पाचवं पान?"

"पाचव्या पानावर वृद्धापकाळ लिहिलंय. बाई वृद्ध आहे का नाही? आहे. मग?"

साहेब वाईट माणूस नव्हता. तो मला वाचवतच होता. रात्री मी नवऱ्याला साहेबांचं म्हणणं सांगितलं आणि तो म्हणाला, "साहेबांचं ऐक."

गुरुवारी नरसम्मा एकटी रिक्षा करून कोर्टात आली. डॉक्टरांना तातडीचा पेशंट आला होता. तिची साक्ष पाच मिनिटांत झाली. पाटल्या कुणाच्या? माझ्या. कुणी काढल्या? मी. पिशवीत काय होतं? पानं आणि तंबाखू. घरी परत जायची भीती नाही का वाटत, असं काही कुणी तिला विचारलं नाही. तो कोर्टाचा प्रश्न नव्हता.

मग मी. सरकारी वकिलांनी डबा, पावडर, दिवा, छिद्रं सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मागच्या बाकावर साहेब एका वार्ताहराला हळू आवाजात नॅनो म्हणजे काय ते समजावत होते. आरोपीच्या जागी रेवण उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच नीट बघत होते. अंगानं सुकलेला, दाढी वाढलेली. तो माझ्याकडे बघत नव्हता, नरसम्माकडेही नाही. खाली बघत होता.

मॅजिस्ट्रेट तरुण होते, लिहिता लिहिता म्हणाले, "म्हणजे पहिल्या तपासणीत हे लक्षात आलं नाही, याचं कारण त्या वेळच्या तंत्राची मर्यादा. बरोबर?"

हो म्हटलं की संपत होतं. टायपिस्टनं 'मर्यादा'पर्यंत टाइप करून झालंही होतं.

"नाही, सर," मी म्हटलं.

मागच्या बाकावरचं बोलणं थांबलं.

"बाईंची बोटं मी पहिल्याच दिवशी हातात धरली होती. त्या विड्या वळतात हे मला तेव्हाच कळलं होतं. ठसे वयामुळे कोरे नाहीत हेही कळलं होतं. डब्यावरचे कोरे ठसे त्यांचे असतील का, एवढा प्रश्न विचारायला कुठलीच पावडर लागत नव्हती. मी तो कागद फाडला आणि वृद्धापकाळ लिहिलं. हातमोजे त्यामुळे झाले."

मॅजिस्ट्रेटांनी पेन खाली ठेवलं. "का फाडलात?"

"मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं म्हणून."

"कसं कळलं?"

"माझी आई विड्या वळायची. मीही पानं कापलीत, सर. मला लाज वाटली."

कोर्टात कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. मॅजिस्ट्रेटांनी ते टायपिस्टला जसंच्या तसं सांगितलं, फक्त शेवटी 'असे साक्षीदाराचे म्हणणे' जोडलं. वीस वर्षं जे मी जपलं होतं ते तीन ओळींत बसलं आणि त्याखाली मी सही केली.

रेवण सुटला. शनिवारच्या पेपरात बातमी आली, अतिसूक्ष्म कणांनी निर्दोषाची सुटका, साहेबांच्या फोटोसकट. माझं नाव नव्हतं, ती साहेबांची मेहेरबानी. पुढे माझी चौकशी झाली, कागद फाडल्याचा ठपका आला आणि मला तीन वर्षं दप्तरखान्यात बसवलं. त्यात गैर काही नव्हतं. आईला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कोर्टात माझं नाव घेतलंस? लुगडं तरी चांगलं नेसून आले असते."

पण मला सांगायचं आहे ते गुरुवारच्याच संध्याकाळचं. सुटकेचा कागद तुरुंगात पोचायला पाच वाजले. दारापाशी मी उभी होते आणि नरसम्मा रिक्षात बसून होती. साडेपाचला रेवण बाहेर आला, हातात प्लास्टिकची पिशवी.

नरसम्मा रिक्षातून उतरली आणि तिनं त्याच्या दंडावर एक जोरात चापट मारली. "तोंड न्हाई का रे तुला? एवढं गप बसत्यात व्हय?"

"तुम्हीच म्हणलाव की, मेलेलं तोंड बघशील," रेवण म्हणाला. "मग कसं सांगायचं?"

म्हातारी तिथंच, रस्त्यावर, पदर तोंडाला लावून रडायला लागली. तो तिला धरून उभा राहिला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण मी पुढे झाले.

"रेवण," मी म्हटलं, "मी ठसेवाली बाई. माझ्यामुळं तुझे आठ महिने गेले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर, राग असता तर बरं झालं असतं.

"आठ महिने एकोणीस दिवस," तो म्हणाला, आणि म्हातारीला हात देऊन रिक्षात चढवायला वळला.

दुरुस्ती बरोबर होती.